आधी खुर्ची, मग हेडसेट: ज्येष्ठांसाठी व्हीआरने तोल सांभाळण्याचा सराव

व्हीआर (व्हर्च्युअल रिॲलिटी), म्हणजे डोळ्यांसमोर आभासी जग उभं करणारं तंत्र. त्याचा डोळ्यांवर बसणारा नवा हेडसेट घरी येतो, सगळे गोळा होतात, आजोबांना मध्ये उभं करतात, डोक्यावर यंत्र चढवतात आणि थेट रोलरकोस्टर सुरू करतात. दोन मिनिटांत घाम फुटतो, पोटात ढवळायला लागतं आणि हेडसेट कपाटात जातो. दुसऱ्या टोकाला, आजींना सोफ्यावर बसवून महिनोनमहिने हाताने फुगे फोडायला लावतात आणि ‘तोलाचा व्यायाम चालू आहे’ असं समाधान मानतात. बसल्या बसल्या खांद्याचा व्यायाम होतो, तोलाचा जवळपास होतच नाही.

दोन्हीकडे क्रम चुकलेला असतो. या सरावात तोल थोडा ढळलाच पाहिजे, नाहीतर शरीर शिकणार काय? पण माणूस पडता कामा नये. खालचे सगळे टप्पे या दोन अटी एकाच वेळी पाळण्यासाठी आहेत.

एक गोष्ट आधी समजून घ्या. तोल सांभाळताना मेंदू तीन ठिकाणची माहिती वापरतो: डोळे, आतला कान, आणि तळवे-सांधे-स्नायू. वय वाढलं की तळव्यांची जाणीव आणि आतला कान मंदावतात, त्यामुळे डोळ्यांवरची भिस्त वाढते. हेडसेट नेमके डोळेच ताब्यात घेतो. स्वतःचे पाय दिसत नाहीत, खोलीची उभी-आडवी रेघ दिसत नाही, आणि समोरचं दृश्य डावीकडे सरकलं तर माणूस नकळत झुकतो. या यंत्राचा उपयोग आणि धोका, दोन्ही इथूनच येतात.

टप्पा १: हेडसेट कोणाला नको, कोणाला अजून नको

तीन प्रश्न विचारा. गेल्या वर्षभरात पडलात का? उभं राहताना किंवा चालताना तोल जातोय असं वाटतं का? पडण्याची भीती वाटते का? एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर उभ्याने करायचा सराव फिजिओथेरपिस्टकडून तपासून घेतल्याशिवाय सुरू करू नका. पहिल्या प्रश्नाला ‘नाही’ असं उत्तर आलं तरी लगेच विश्वास ठेवू नका. बरेच ज्येष्ठ ‘पडलो नाही, नुसता बसलो’ असं म्हणतात. तेही पडणंच.

मग उठल्यावरचा रक्तदाब. ५ मिनिटं आडवं झोपवून मोजा, उभं करून १ मिनिटाने आणि पुन्हा ३ मिनिटांनी मोजा. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त, अथवा खालचा १० किंवा त्याहून जास्त उतरला, तर आधी डॉक्टरांना दाखवा. उठताना रक्तदाब कोसळतोय म्हणून पडणाऱ्या माणसाला तोलाचा कितीही सराव दिला तरी मूळ कारण तसंच राहतं. झोपेच्या गोळ्या, रक्तदाबाची औषधं, मनावरची औषधं चालू असतील तर त्यांची यादीही बरोबर न्या.

फिट येण्याचा इतिहास, नुकतीच झालेली डोळ्यांची शस्त्रक्रिया, मानेचं गंभीर दुखणं, पेसमेकर किंवा कानात बसवलेलं विद्युत उपकरण यांपैकी काहीही असेल तर डॉक्टरांच्या परवानगीशिवाय हेडसेट नको. मागचा-पुढचा संदर्भ विसरणाऱ्या, पटकन गोंधळणाऱ्या व्यक्तीलाही नको. तिच्यासाठी ते दृश्य खेळ राहत नाही, खरं होतं.

कूस बदलताना काही सेकंद गरगरत असेल तर तो बहुधा आतल्या कानातल्या सूक्ष्म खड्यांचा त्रास असतो. जाणकार डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट डोकं ठरावीक क्रमाने फिरवून तो बऱ्याचदा एक-दोन बैठकीत बरा करतात. तो आधी बरा करून घ्या, हेडसेटचा विचार नंतर.

टप्पा २: सुरुवातीची मोजणी

बहुतेक जण हा टप्पा गाळतात. सहा आठवड्यांनी फरक पडला की नाही, हे मग कोणालाच सांगता येत नाही.

पहिली चाचणी: खुर्चीतून उठणं, ३ मीटर चालणं, वळणं, परत येऊन बसणं. नेहमीच्या चालीने, नेहमीच्या काठीसह. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका वाढलेला आहे असं धरतात.

दुसरी: पावलांच्या चार स्थिती, प्रत्येकी १० सेकंद. दोन्ही पावलं शेजारी जुळवून; एका पावलाचा आतला कडा दुसऱ्याच्या अंगठ्याला लावून; एक पाऊल बरोबर दुसऱ्याच्या पुढे, टाचेला बोटं टेकवून; शेवटी एका पायावर. तुम्ही शेजारी उभे राहा, पण धरू नका. तिसरी स्थिती १० सेकंद टिकत नसेल तर हेडसेट घालून उभं राहण्याचा विषयच नाही.

तिसरी: हात छातीवर दुमडून ३० सेकंदांत खुर्चीतून किती वेळा पूर्ण उठता येतं ते मोजा. तारीख घालून वहीत लिहा. खुर्ची आणि चपला-बूट कोणते होते तेही लिहा, कारण पुन्हा मोजताना तेच लागतील.

टप्पा ३: कोणतं साधन, कोणता कार्यक्रम

व्हीआर म्हणजे हेडसेटच असं नाही. या विषयावरचा एक भक्कम अभ्यास २०१६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात ६० ते ९० वयाचे, आधीच्या सहा महिन्यांत किमान दोनदा पडलेले ३०२ जण होते. एका गटाने नुसत्या ट्रेडमिलवर सराव केला. दुसऱ्या गटाच्या पावलांची हालचाल कॅमेरा टिपत होता आणि समोरच्या पडद्यावर तीच पावलं अडथळे ओलांडताना, वाट निवडताना दिसत होती. आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी सुमारे ४५ मिनिटं, सहा आठवडे. पुढच्या सहा महिन्यांत पडद्यावाल्या गटाचं पडणं जवळपास निम्म्यावर आलं, नुसत्या ट्रेडमिलवाल्यांचं तेवढं उतरलं नाही. इथे पडदा होता, हेडसेट नव्हता, आणि चालणाऱ्यांना सुरक्षापट्टा बांधलेला होता. ‘व्हीआरने पडणं निम्मं होतं’ हे वाक्य घरच्या हेडसेटला जसंच्या तसं लावता येत नाही.

तेव्हा दुसऱ्या टप्प्यातली तिसरी स्थिती जमत नसेल तर पडद्यावरचा सराव घ्या. स्वतःचे पाय आणि खोली दिसत राहतात. ती जमत असेल आणि मदतीला माणूस असेल, तर हेडसेट. त्यातही बाहेरची खरी खोली कॅमेऱ्यातून दाखवून तिच्यावरच आभासी वस्तू ठेवणारी सोय असेल तर सुरुवात तिथून करा.

कार्यक्रम निवडताना एकच कसोटी लावा: माणूस जागेवर असताना त्याच्या पायाखालची दुनिया सरकते का? सरकत असेल तर नको. रोलरकोस्टर, उड्डाण, गाडी, कंट्रोलरची (हातात धरायच्या बटणांच्या यंत्राची) काडी ढकलून चालणं, हे सगळं बाद. डोळे सांगतात ‘चाललो’ आणि आतला कान सांगतो ‘उभा आहेस’. मळमळ तिथूनच येते. दुनिया स्थिर हवी आणि वस्तू माणसाकडे याव्यात: चेंडू झेलणं, बाजूला झुकून फळ तोडणं, येणारा अडथळा पाऊल उचलून टाळणं. वेग आणि वस्तू येण्याची दिशा तुमच्या हातात असली पाहिजे.

टप्पा ४: जागा

खोलीच्या मधोमध उभं करणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. मोकळी जागा म्हणजे सुरक्षित जागा असं वाटतं, पण तोल गेल्यावर धरायला तिथे काहीच नसतं.

त्याऐवजी खोलीचा रिकामा कोपरा घ्या. सराव करणाऱ्याची पाठ कोपऱ्याकडे आणि भिंतींपासून वीतभर अंतरावर. मागे किंवा बाजूला झोक गेला तर भिंत लागते. समोर जड, चाकं नसलेली, उंच पाठीची खुर्ची, तिची पाठ सराव करणाऱ्याकडे करून ठेवा, म्हणजे हात खाली सोडला की कडा सापडतो. ती पुढे सरकू नये म्हणून पलीकडून भिंतीला टेकवता आली किंवा तिच्यावर वजन ठेवता आलं तर उत्तम. बाजूला पावलं टाकण्याचा सराव सुरू झाला की कोपरा अपुरा पडतो; तेव्हा एक लांब भिंत आणि दोन्ही बाजूंना दोन खुर्च्या.

जमिनीवरचं सगळं काढा: पायपुसणं, गालिच्याची उचललेली कड, वायर, चार्जरची दोरी. पाळीव प्राणी बाहेर. वर हात केला तर दिवा लागत नाही ना, पाहा. उजेड भरपूर हवा, कारण अंधारात हेडसेटच्या कॅमेऱ्यांना खोली ओळखता येत नाही आणि दृश्य थरथरायला लागतं. भिंगांवर थेट ऊन मात्र पडू देऊ नका.

पायात घट्ट बसणारे, पातळ पण टणक तळव्याचे बूट घाला. नुसते मोजे नकोत, घसरती सपाता नको.

तपासा: हेडसेटमधल्या जमिनीची उंची. ती चुकीची बसली असेल तर दिसणारी फरशी खऱ्या फरशीच्या वर किंवा खाली असते आणि पहिल्याच पावलाला ठेच लागते. आधी स्वतः घालून कंट्रोलर फरशीला टेकवा. आत तो फरशीत बुडालेला किंवा तरंगताना दिसला तर उंची पुन्हा बसवा. सुरक्षित जागा दाखवणारी हेडसेटमधली सीमारेषाही खुर्ची आणि भिंत धरून नव्याने आखा. आदल्या दिवशीची जशीच्या तशी वापरू नका.

टप्पा ५: सोबतचा माणूस

एकट्याने हा सराव नाही. ‘मी शेजारच्या खोलीत आहे’ ही सोबत नव्हे.

कमकुवत बाजूला, किंचित मागे, हाताच्या अंतरावर उभे राहा. तुमचे पाय पुढेमागे हवेत, म्हणजे वजन आलं तर तुम्ही स्वतः पडणार नाही. कमरेला रुंद, मजबूत पट्टा बांधा आणि धरायचा तर तो धरा, दंड धरू नका. दंडाला हिसका बसला की खांदा दुखावतो आणि धड तसंच खाली जातं. पट्टा सतत ओढून धरायचाही नाही. मग तोल तुम्हीच सांभाळता, त्यांचं शरीर काही शिकत नाही.

आत काय दिसतंय ते मोबाइल किंवा टॅबवर दाखवण्याची सोय चालू करा, पण लक्ष माणसावर ठेवा. पडद्यावर नजर खिळली की तुम्ही प्रेक्षक होता.

दोन शब्द आधी ठरवा. ‘खुर्ची’ म्हटलं की दोन्ही हात खुर्चीवर. ‘थांबा’ म्हटलं की सगळं बंद. न सांगता स्पर्श करू नका, दचकून तोल जातो. ‘उजव्या खांद्याला हात लावतोय’ असं बोलून मग लावा.

टप्पा ६: बसून घालणं

हेडसेट नेहमी बसल्या जागी घालायचा आणि बसल्या जागीच काढायचा. याला अपवाद नाही.

चष्मा दूरचा घाला, वाचनाचा नको. यंत्राची भिंगं अशी बसवलेली असतात की डोळे थोडं लांब पाहत असतात. चष्म्याची काच भिंगाला घासू नये म्हणून दोन्हींत अंतर ठेवणारी मधली पट्टी (स्पेसर) वापरा. दोन बाहुल्यांमधलं अंतर साधारण ६३ मिलिमीटरच्या आसपास असतं, पण माणसागणिक बदलतं. अक्षरं दोन दिसत असतील किंवा डोकं जड होत असेल तर भिंगांमधलं अंतर हलवा. पट्टा आधी डोक्यामागे नीट बसवा, मग वरचा ओढा. यंत्र साधारण अर्ध्या किलोचं असतं आणि सगळं वजन पुढे. गालांवर दाबून बसवलं तर मान दुखते.

सावधान: दोन्ही हातांत कंट्रोलर दिलेत तर तोल गेल्यावर धरणार कशाने? हात ओळखणारा कार्यक्रम निवडा, नाहीतर एकच कंट्रोलर द्या, मनगटाच्या दोरीसह. खुर्चीकडचा हात रिकामा हवा.

टप्पा ७: पहिला आठवडा, फक्त बसून

पहिल्या दिवशी ५ मिनिटं. आजूबाजूला पाहणं, मान सावकाश वळवणं, एखादी वस्तू उचलणं. त्या वस्तू खऱ्या नाहीत हेही इथेच शिकवायचं: आभासी टेबलाला हात लावून दाखवायला सांगा, हात आरपार जाऊ द्या. पुढे उभ्याने करताना अशा टेबलावर टेकायला जाणारे लोक असतात, आणि ते तसेच कोसळतात.

दर दोन मिनिटांनी विचारा: मळमळ, गरगर, डोकं जड, ० ते १० मध्ये किती? ३ आला की थांबा. ‘होईल सवय’ म्हणून पुढे रेटू नका. आज सहन केलेली मळमळ उद्या हेडसेट पाहूनच सुरू होते. गप्प राहणाऱ्यांच्या बाबतीत आकड्यापेक्षा चेहरा पाहा: फिकट रंग, कपाळावर घाम, वारंवार जांभया.

तीन बैठकांत १० मिनिटं आकडा २च्या वर न जाता जमलं, की पुढचा टप्पा.

टप्पा ८: उभं राहणं

सगळा सराव या टप्प्यासाठी आहे, म्हणून इथे घाई करू नका. पाच-सहा आठवडे इथेच जातील आणि जाऊ द्या.

प्रत्येक नवी हालचाल तीनदा करायची. आधी हेडसेटशिवाय, त्याच जागी. मग खरी खोली दिसत असताना. शेवटी आभासी दृश्यात. पहिल्यात न जमलेली हालचाल तिसऱ्यात जमणार नाही.

कठीणपणा वाढवण्याच्या चार शिड्या आहेत आणि एका दिवशी एकाच शिडीवर एकच पायरी चढायची.

पावलं: खांद्याएवढं अंतर, मग जुळवलेली, मग अर्धी पुढेमागे, मग एकामागे एक.

हात: दोन्ही खुर्चीवर, मग एक, मग फक्त बोटांची टोकं, मग कडेपासून इंचभर वर अधांतरी.

काम: नुसतं वजन उजवीकडून डावीकडे नेणं, मग हात लांबवून वस्तू घेणं, मग बाजूला पाऊल, मग पुढेमागे पाऊल, मग हे करता करता उलटे आकडे मोजणं. बोलताना किंवा विचार करताना पडणारे कमी नाहीत, म्हणून ही शेवटची पायरी सोडू नका.

जमीन: फरशी. मऊ गादी किंवा फोम आणि त्यावर हेडसेट, हे घरी नकोच. डोळे आणि तळवे दोन्ही एकदम काढून घेतल्यावर उरतो फक्त आतला कान. ते फिजिओथेरपिस्टच्या समोर, सुरक्षापट्ट्यात.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे खेळाची पातळी हीच शिडी समजणं. खेळ ‘पातळी ४’ म्हणतो तेव्हा त्याने बहुधा वेग वाढवलेला असतो. त्याला पावलं कशी आहेत, हात कुठे आहे, काही ठाऊक नसतं. पातळी वाढली तर त्या दिवशी पावलं रुंद करा, हात पुन्हा खुर्चीवर आणा.

तपासा: काठिण्य बरोबर आहे का? घोट्यांकडे पाहा. ते सतत बारीक बारीक हलत असतील, अधूनमधून बोटं खुर्चीला लागत असतील, तर बरोबर. घोटे स्थिर आणि गप्पा चालू, तर फार सोपं. श्वास रोखलेला, गुडघे ताठ, हात खुर्चीवर घट्ट आवळलेला, तर फार कठीण. एक पायरी उतरा. सलग तीनदा पट्टा धरावा लागला तर त्या दिवसापुरतं उभं राहणं बंद.

टप्पा ९: काढल्यानंतरची १५ मिनिटं

बसवा, डोळे मिटायला सांगा, हेडसेट काढा, मग हळूच डोळे उघडू द्या. काही वेळ खरी खोलीच परकी वाटते. १५ मिनिटं खुर्चीतच. जिना, अंघोळ, गाडी चालवणं हे सगळं नंतर, आणि पूर्ण स्वच्छ वाटल्यावरच. सगळं नीट झालं म्हणून लगबगीने उठून स्वयंपाकघराकडे निघणारी मंडळी याच वेळेत पडतात.

चेहऱ्याला लागणारा भाग पुसून घ्या. भिंगं फक्त कोरड्या मऊ कापडाने.

टप्पा १०: तेच, हेडसेटशिवाय

विश्रांतीनंतर त्याच दिवशी, त्याच कोपऱ्यात, त्याच हालचाली ५ ते १० मिनिटं उघड्या डोळ्यांनी. आभासी फळ तोडलं असेल तर आता कपाटाच्या फळीवरची वस्तू. आभासी अडथळा ओलांडला असेल तर आता उंबरठा. हा टप्पा सोडला तर माणूस खेळात तरबेज होतो आणि दारात अडखळतो.

टप्पा ११: किती, आणि बरोबर काय

हेडसेटची बैठक आठवड्यातून तीनदा, वाढवत वाढवत २० मिनिटांपर्यंत. एवढ्यावर भागत नाही. वैद्यकीय संशोधन एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१९च्या आढाव्यात १०८ चाचण्या तपासल्या गेल्या आणि व्यायामाने पडण्याचं प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. हा आकडा प्रत्यक्षातल्या साध्या व्यायामांचा आहे, आणि त्यात तोल आणि रोजच्या हालचालींचे व्यायाम हाच कणा होता. म्हणून खुर्चीतून उठबस, टाचा उचलणं, चालणं हे चालूच ठेवायचं. पायांत ताकद नसेल तर ढळलेला तोल सावरायला लागणारं झटपट पाऊल पडतच नाही.

सराव करताना पडलेच, तर ओढून उभं करू नका. हेडसेट अलगद काढा, पडल्या जागी राहू द्या, कुठे दुखतंय ते विचारा. कंबर किंवा मांडीत कळ, पायावर भार न देता येणं, डोक्याला मार, यांत रुग्णालय. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल आणि डोकं आपटलं असेल तर काही त्रास दिसत नसला तरी लगेच.

सहा आठवड्यांनी दुसऱ्या टप्प्यातल्या तिन्ही चाचण्या पुन्हा घ्या, त्याच खुर्चीवर, त्याच बुटांत. खेळातले गुण दुप्पट झाले आणि ३ मीटरची वेळ तेवढीच राहिली, तर ते खेळ शिकले, तोल नाही. अशा वेळी नवा खेळ शोधत बसू नका. हेडसेटची एक बैठक कमी करा, ती वेळ दहाव्या टप्प्याला द्या, आणि वही घेऊन फिजिओथेरपिस्टकडे जा.